चौथी तीनचाकी

आमच्या समोरच्या घरातल्या मुलीकडे तीन तीनचाकी सायकली होत्या आणि त्यांतल्या एकीवरही बसून तिला कुठे जाता येत नव्हतं.

हाताने पेडल फिरवायच्या त्या सायकली. आमच्याकडे पुढाऱ्याचा वाढदिवस आला की रक्तदान होतं, शाळेत वह्या वाटल्या जातात आणि एका अपंग व्यक्तीला तीनचाकी दिली जाते. गावात अपंग माणसं आणखीही आहेत, पण ती म्हातारी आहेत, फोटोत डोळे मिटतात. ही तरुण, हसरी, स्टेजवर उचलून ठेवायला हलकी. त्यामुळे वाढदिवस कुठल्याही पक्षाचा असो, सायकल हिलाच. पहिल्या सायकलीच्या सीटवर कोंबडी अंडी उबवायची. दुसरीवर तिची आत्या कुरडया वाळत घालायची. तिसरीची चेन पहिल्याच आठवड्यात तुटली होती, पण मागच्या पत्र्यावरचा साहेबांचा रंगीत फोटो ऊनपाऊस खाऊनही हसत होता.

"अजून एक वाढदिवस आला की दुकान टाकते," ती म्हणायची.

ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. लहानपणी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली असताना उसाने भरलेली बैलगाडी कलंडली आणि तिच्या पायांवर आली. तेव्हापासून पाय आहेत, पण कामाचे नाहीत. आईबाप अजूनही दिवाळी झाली की टोळीबरोबर जातात आणि उन्हाळा लागला की परततात. तोवर ती आत्याजवळ. बारावी झाल्यावर बीडच्या कॉलेजात तिचा नंबर लागला आणि ती वर्षभर घरी बसली. कारण गावापासून फाट्यापर्यंत चढ, फाट्यापासून नेकनूरपर्यंत कोंबून भरलेली जीप आणि नेकनूरपासून एसटी. तीनचाकी चढावर मागे घसरते. जीपवाला तिला बघितलं की वेग वाढवतो. एसटीची पहिली पायरी तिच्या कमरेला लागते.

तिला हवी होती बाजूला दोन जादा चाकं लावलेली स्कूटी. घराच्या दारात बसायचं, कॉलेजच्या दारात उतरायचं. आईबापांनी तिला सरळ सांगून ठेवलं होतं, या जूनमध्ये जमलं तर जमलं, नाहीतर दिवाळीनंतर आमच्याबरोबर चल. फडावरच्या झोपडीत, कोपीत बसून टोळीच्या भाकरी थापायला पाय लागत नाहीत.

मी बीडला हॉस्टेलवर राहून इंग्रजी शाळेत शिकले, मग पुण्यात. आता घरी बसून लॅपटॉपवर एका कंपनीचं काम करते. माझ्याविषयी गावाला एकच गोष्ट पक्की ठाऊक आहे, ती म्हणजे मी बोलत नाही. खरं कारण लाज. पण लोकांनी वेगळं कारण परस्पर ठरवून टाकलं आहे. "इंग्लिश मिडियमची हाय. तिला मराठी बोलायचं म्हणजे आधी डोक्यात उलटंपालटं करावं लागतं." मी कधी दुरुस्ती केली नाही. गप्प बसायला इतकं भक्कम कारण आयतं मिळत असेल तर का सोडा?

पुण्यात माझ्या ऑफिसातले काही लोक ट्रायथलॉन करायचे. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, मध्ये न थांबता. ओळखीपाळखीचे लोक त्यासाठी पैसे द्यायचे आणि ते एखाद्या गरजू माणसाला जायचे. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली होती. कुणासमोर तोंड उघडून मागावं लागत नव्हतं. तुम्ही नुसतं धापा टाकत जायचं, मागणं आपोआप होत होतं.

हे मी तिला समजावून सांगितलं तेव्हा तिने कुरडई मोडून तोंडात टाकली.

"म्हंजी पाय तुझे आन् तोंड माझं?"

"तोंड लागत नाही, तेच तर सांगतेय."

"ताई, हे पुणं न्हाई. हितं तोंडाबिगर मेल्यालं माणूस बी उचलत न्हाईत."

तरी मी इंटरनेटवर एक पान तयार केलं. तिचा फोटो टाकला, चार ओळी लिहिल्या. पुण्याच्या मैत्रिणींनी पैसे पाठवले. बाकी ज्यांना पाठवलं त्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. एका मावशीने 'सुप्रभात' पाठवलं, गुलाबासकट.

गावात तर प्रश्नच वेगळा होता. मी सकाळी पळायला सुरुवात केली तेव्हा फाट्यावरच्या हॉटेलाच्या बाकावर एक तात्या बसलेले असायचे. चहा पितात, रस्त्याकडे बघतात, जाणाऱ्या-येणाऱ्याची उलटतपासणी घेतात, हाच त्यांचा दिवस.

"कावून पळायलीस, पोरी?"

"पैसे जमवायचेत तात्या. समोरच्या घरच्या मुलीसाठी. स्कूटी घ्यायची आहे."

"पळाल्यावर कोण देतंय?"

"लोक."

"घाम तुझा, दम तुझा, लोकांनी कावून द्यायचे?"

तात्यांनी बशीतला चहा संपवला.

"आन् न पळता मागितले तर कमी देतेत का?"

मी खाली वाकून बुटाची नाडी पुन्हा बांधली.

"बरं, शर्यत कुणासंगं हाय?"

"कुणासंगंच नाही. मी एकटीच."

"हे बेस हाय. इज्जत जायची भीती न्हाई."

त्यानंतर रोज मी तिथून गेले की तात्या तोच पहिला प्रश्न विचारायचे, जणू काल विचारलाच नव्हता. मीही रोज तेच उत्तर द्यायची. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत नियमित संभाषण होतं.

पोहणं मला येत नव्हतं. योजना आखताना हा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता. आमच्या शाळेच्या माहितीपत्रकावर तरणतलावाचं चित्र होतं, पण तो तलाव चित्रातच होता. म्हणून शिकायचं तर आमच्या मळ्यातल्या विहिरीत. आईने माझ्या पाठीला तेलाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन बांधला. कुरडया उतरवून दुसरी तीनचाकी मोकळी केली, त्यावर त्या मुलीला बसवून आम्ही बांधाबांधाने ढकलत विहिरीपर्यंत नेलं. एका साहेबांची सायकल त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या खऱ्या कामाला आली. विहिरीच्या काठावर बसून ती माझी कोच झाली.

"पाय मार की ताई! देवानं तुलाच दिलेत ना? मंग कुणासाठी जपून ठिवलेस?"

मी पाय मारायची. कॅन एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला जायची. हातरुमाल धुताना गोल फिरतो तशी मी विहिरीत फिरायची. आई काठावर उभी राहून बघत असे. तिचं माहेर कडा गावाजवळ, नदीकाठचं. ती पोहते की नाही हे घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. एका सकाळी तिने हातातली बादली खाली ठेवली, इकडेतिकडे बघितलं, लुगड्याचा काष्टा मारला आणि काठावरून सरळ उडी टाकली. असा आवाज झाला की भिंतीच्या कपारीतली पारवं फडफडत वर गेली. पुष्कळ वेळाने तिचं डोकं माझ्याशेजारी वर आलं.

"पाण्याला हानायचं नसतं," ती म्हणाली. "ढकलायचं असतं. आन् घरी सांगू नको. तुझे काका म्हणतील, पोरीनं आईला बी बिघडवली."

त्यानंतर मी शिकले.

सायकलचा सराव सोपा जाईल असं वाटलं होतं. पुण्याहून आणलेली गिअरची सायकल होती. धारूरला मामेबहीण राहते, एका रविवारी तिच्याकडे गेले आणि घाटात चढ मारून बघितला. पण आमच्याकडे मुलगी चढावर धापा टाकत सायकल मारतेय म्हणजे ती संकटात आहे, एवढंच लोकांना कळतं. एका ट्रॅक्टरवाल्याने ट्रॉली थांबवली, "घाला ताई सायकल वर." दुधाच्या गाडीवाल्याने हवेचा पंप काढला. एका आजीने पाणी पाजलं आणि सासरी काय त्रास आहे ते विचारलं. तो घाट चढणं जमत होतं, नाही म्हणणं जमत नव्हतं. शेवटी आजीच्या समाधानासाठी मी अर्धा घाट ट्रॉलीतून चढले.

इतपत सगळं बरं चाललं होतं. मग काकांना कळलं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. ते अजून कशावरही निवडून आलेले नाहीत, पण भावी आहेत. आमच्या जिल्ह्यात फ्लेक्सवर 'भावी' लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. काका गेली कित्येक वर्षं भावी आहेत आणि त्यांचा या पदाचा अनुभव तालुक्यात सर्वांत मोठा असावा.

"एवढं मोठं सामाजिक काम, आन् मला कुणी सांगितलं न्हाई?" ते आमच्या ओसरीवर बसून म्हणाले. "मला पेपरात वाचून कळायचं का?"

"पेपरात नाही आलं, काका."

"तेच म्हणतो मी! आलं कावून न्हाई?"

मग त्यांनी तिथल्या तिथे सगळं हातात घेतलं. तारीख, मांडव, भोंगा, प्रमुख पाहुणे, निधी. "तू फक्त पोह," मला म्हणाले. "बाकी माझ्यावर सोड." लोक त्यांच्याकडे पैसे देऊ लागले, व्यापारी, दूधवाले, एक-दोन संस्थावाले. किती जमले आणि कुठे आहेत हे विचारायला हवं होतं, पण काकांना असा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारत नाही, आणि मी तर कुणालाच कसलाच प्रश्न विचारत नाही.

फ्लेक्स लागला. मधोमध काका, हात जोडलेले. त्यांच्या डोक्यावर अर्धगोलात मोठ्या साहेबांची तोंडं. खाली कोपऱ्यात मी. स्थळांना पाठवायला काढलेला माझा एकच बरा फोटो घरात होता, तो काकांनी आईकडून नेलेला. त्यामुळे आमच्या चौकात मी जांभळ्या साडीत, एक हात प्लास्टिकच्या फुलदाणीवर ठेवून, पायाशी संगणकाने चिकटवलेली सायकल घेऊन उभी होते. ज्या मुलीसाठी हे सगळं चाललं होतं तिचा फोटो कुठेच नव्हता.

"जागा उरली न्हाई," काका म्हणाले.

तिला मी हे सांगितलं तेव्हा ती हसली. "बरं झालं. टाकला असता तर मला बी सायकलवरच चिकटवलं असतं."

पण हसू लवकर ओसरलं. "ताई, जमलेत का गं? खरं सांग."

"काका म्हणतात, जमतायत."

"काका म्हणतेत." ती एवढंच म्हणाली आणि कोंबडीला हाकललं. तिचे आईबाप नुकतेच फडावरून आले होते. दाराशी त्यांचे कोयते धुऊन उभे केले होते आणि आई येता-जाता पोरीकडे बघत होती, विकायची की ठेवायची ते ठरलेलं नसताना अंगणातल्या गाईकडे बघतात तशी.

मांडवासाठी काकांनी वेगळा खर्च केला नाही. आदल्या दिवशी गावात एक लग्न होतं, मांडववाल्याचा ट्रक यायला उशीर होता, तेवढ्यात कार्यक्रम उरकायचा ठरला. 'शुभविवाह'ची कमान तशीच राहिली, तिच्या खाली आमचा फ्लेक्स. स्टेजवर नवरा-नवरीचं लाल मखमलीचं सिंहासन होतं, तेही राहिलं. त्या सिंहासनावर तिला उचलून बसवलं. पोहण्यासाठी काकांचं म्हणणं होतं की त्यांच्या कोरड्या शेततळ्यात टँकरचं पाणी भरून तिथेच जाहीर पोहणं ठेवावं. पण तिच्या आत्याने हे भर गल्लीत विचारलं, "आमी टाकीवर घागरी घेऊन लाईनीत बसायलोत, आन् ही त्या पाण्यात डुंबणार व्हय?" भावी माणसाला मतं मोजता येतात. पोहणं पुन्हा आमच्या विहिरीत आलं.

त्या दिवशी मी पंजाबी ड्रेस घालून, ओढणी घट्ट बांधून विहिरीवर उभी राहिले, पण उतरता येईना, कारण प्रमुख पाहुणे 'फाट्यावर आले' होते. ते बराच वेळ फाट्यावर आलेलेच होते. शेवटी आले तेव्हा घाईत होते, म्हणून काकांनी सत्कार आधी उरकायचं ठरवलं. माझ्या गळ्यात हार, हातात नारळ, अंगावर शाल.

"काही केलं न्हाई अजून, सत्कार कशाचा?" आई म्हणाली.

"नंतर साहेबांना दुसऱ्या लग्नाला जायचंय," काका म्हणाले. "बुडली तरी सत्कार झाल्याला बरा."

आईने शाल ओढून घेतली आणि सगळ्या पुरुषांना मांडवाकडे पिटाळलं. बायका मात्र काठाला राहिल्या. मी उतरले. उन्हाळ्याने पाणी खोल गेलं होतं, वर आभाळाचा चौकोनी तुकडा आणि त्याच्या कडेने बायकांची डोकी. मी भिंतीपासून भिंतीपर्यंत ढकलत राहिले. वरून कुणीतरी म्हणालं, "आरं, ही तर खरंच पोहायली!" म्हणजे इतके दिवस कुणाचा विश्वास नव्हता.

बाहेर येऊन ओल्या कपड्यांवर दुसरी कोरडी ओढणी लपेटली आणि सायकलवर बसून नेकनूरच्या रस्त्याला लागले. नेकनूरला जाऊन फाट्यावर परत यायचं, तिथे सायकल सोडायची आणि गावापर्यंत पळायचं. मांडवाच्या खांबांना चार दिशांना चार भोंगे बांधले होते, काकांची इच्छा होती की शेजारच्या गावांनाही कळावं. परत येताना फाट्याच्या आधीपासूनच मला भाषणं ऐकू यायला लागली.

"...दानशूर व्यक्तिमत्त्व, यांनी या कार्यासाठी भरीव रक्कम जाहीर केली आहे, टाळ्या!" टाळ्या. "तसेच आपले मार्गदर्शक, यांनीही रक्कम जाहीर केली आहे!" पुन्हा टाळ्या. आमच्याकडे रक्कम जाहीर होते तेव्हाच ती खर्च झालेली असते. आमच्या शाळेची कमान, स्मशानभूमीची भिंत, वाचनालय, सगळं जाहीर आहे, उभं काहीच नाही.

मी हॉटेलाशी सायकल टेकवली. तात्या बाकावर होते.

"आणि आता," भोंगा म्हणाला, आवाज काकांचा, दाटून आलेला, "ज्या क्षणाची आपण वाट पाहत होतो! आमच्या या लेकीला... कॉलेजला जाण्यासाठी... जमलेल्या निधीतून... सर्व सोयींनी युक्त... तीनचाकी सायकल!"

बँडवाल्यांनी धून वाजवली.

मी तिथेच उभी राहिले. पैसे मांडवातल्या बुंदीत, हारात, फ्लेक्सवर आणि त्या सायकलीत गेले होते. जून मला दिसायला लागला, नंतर दिवाळी, नंतर कोपीतला तवा.

"चौथी का ही?" तात्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"मंग थांबलीस कावून? पळ. तिकडं तुझी गरज लागंल."

मी पळायला लागले. काय करणार होते कुणास ठाऊक, माईक हातात घेऊन मी बोलले असते अशातला भाग नाही. तेवढ्यात भोंग्यात खरखर झाली आणि तिचा आवाज आला. आभार मानायला तिच्या हातात माईक दिला असणार.

"काकांचे लई आभार. सायकल चांगली हाय. फोटो बी भारी आलाय." हशा. "आता एकच काम राह्यलंय, ते उरकून घेऊ. मंडळी, माझ्या आईबापानं या गावातल्या एका बी लग्नात आहेर चुकवला न्हाई. फडावरून सुट्टी काढून यायचे. कुणाला पातेलं, कुणाला लुगडं, कुणाला पाकीट. खोटं असंल तर सांगा."

मी पळण्याचा वेग वाढवला.

"आहेर फिटतो कवा? आपल्या लेकराचं लगीन होतंय तवा. आमच्या घरात लेकरू मी एकटी. आन् हिचं काय लगीन व्हायचं, असं सगळ्यांनी मनात धरून ठिवलंय. मी बी ऐकलंय, मला पाय न्हाईत, कान हायत. म्हंजी तो आहेर बुडाला. आमी काय मागायला आलो न्हाई. पण आज बघा, मांडव हाय, कमान हाय, बँड हाय, बुंदी हाय, नवरीच्या खुर्चीवर तुमीच मला बसवलंय."

"नवरदेव कुठाय गं?" बायकांच्या बाजूने कुणीतरी ओरडलं.

"बीडला शोरूममधी हुबा हाय! पांढरा हाय, दोन चाकं जादा हायत. वरातीला पेट्रोल तेवढं लागतंय."

हसण्याचा जो गदारोळ उठला तो भोंग्याशिवायही फाट्यापर्यंत गेला असता. मी चढ उतरून ओढा ओलांडला. पुढचं तुकड्यातुकड्यांत ऐकू येत होतं. काकांनी माईक घेतला, परिस्थिती सावरायला, "आमच्या घरातून या प्रसंगी मी एक मोठी रक्कम जाहीर—"

"काका," तिचा आवाज, माईकजवळून. "आहेर जाहीर करत नसतेत. हातात देत असतेत."

इथे मात्र कुणी हसलं नाही. वर्गणी बुडवता येते, शब्द फिरवता येतो, निवडणुकीतलं आश्वासन विसरता येतं. पण घेतलेला आहेर फेडला नाही असं भर मांडवात म्हटलं गेलं तर आमच्याकडे तोंड दाखवायला जागा राहत नाही, भावी माणसाला तर नाहीच. नंतर कळलं की काकांनी खिशातलं पाकीट काढलं, ते हलकं निघालं, मग काकूने कमरेची पिशवी सोडली. काका पहिले होते, म्हणून सगळ्यांना उठावं लागलं.

मी मांडवात शिरले तेव्हा माझ्याकडे कुणी बघितलं नाही. एवढ्या दिवसांचा सराव, विहीर, घाट, आणि मी शेवटची पावलं टाकत आले तेव्हा सगळं गाव माझ्याकडे पाठ करून आहेराच्या रांगेत उभं होतं. मला फार बरं वाटलं. बायका एकमेकींना आठवण करून देत होत्या, "तुझ्या थोरलीच्या वक्ताला तिच्या आईनं परात दिली होती गं, जाड बुडाची, पाकिटात बघून टाक." कुणाच्या नवऱ्याने टोपी-टॉवेल आणला तर सिंहासनावरून फर्मान यायचं, "मामा, नवरदेवाला टोपी बसत न्हाई, पाकीट द्या." एका म्हातारीने तरी ब्लाऊजपीस दिलंच. "असू दे, खरं लगीन झाल्यावर शिव," म्हणाली.

तिची आई स्टेजच्या कडेला पदर पसरून उभी होती. येणाऱ्या प्रत्येकीच्या कपाळाला हळद-कुंकू लावत होती, नवरीच्या आईने लावायचं असतं तसं. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि हात थांबत नव्हता.

आई माझ्याजवळ आली. "झालं का पळून? मग रांगेत उभी राहा. तुझ्या भावाच्या बारशाला तिच्या आईनं झबलं दिलंतं."

पाकिटं, मैत्रिणींनी पाठवलेले पैसे आणि भंगार, असं मिळून जमलं. भंगार म्हणजे पहिल्या तीन सायकली, ती म्हणायची तसं खरंच दुकान टाकून तिने त्या विकल्या. चौथी मात्र विकता आली नाही, कारण तिच्यावर काकांचा फोटो आहे आणि काका अजून भावी आहेत. त्यामुळे कोंबडी आता चौथीत बसते. काकांना स्कूटीवरही स्टिकर हवं होतं. ती लगेच हो म्हणाली. बाजूच्या जादा चाकाच्या पत्र्यावर लावलं, चिखल आधी तिथेच उडतो.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. मी म्हटलं, पहिला दिवस आहे, मागे बसून येते. "मंग स्कूटी कशाला घेतली?" ती म्हणाली आणि निघाली. गावाच्या चढावर मी सवयीने तिच्या मागे पळत सुटले. चढावर स्कूटी थोडी कुरकुरली, मागे आली नाही. फाट्याला तिने आरशात मला बघितलं, हॉर्न वाजवला आणि बीडच्या रस्त्याला वळली. पुढे एक जीप भरत होती, तिला ओलांडून गेली.

मी हॉटेलासमोर गुडघ्यांवर हात टेकून दम घेत उभी राहिले.

"आता कावून पळायलीस, पोरी?" तात्या बाकावरून म्हणाले. "पैसे जमले की."